मोटारीच्या पेटीतला वाढपी : बसवणी आणि निगा



तुळजापूर असो, कळंब असो की परंडा, आपल्या धाराशिव जिल्ह्यात विहीर-बोअरचं पाणी मोजकं आणि लाईट अवेळी. रात्री-अपरात्री रानात जायला नको म्हणून आपण स्टार्टरला 'ऑटो' लावतो. पण साध्या ऑटोला पाणी दिसत नाही. बोअर कोरडा पडला तरी मोटार फिरतच राहते आणि ऐन वैशाखात जळते.

यावर एक उपाय आहे. ईएसपी-३२ नावाचं छोटं संगणक-कार्ड २०१६ पासून मिळतं. ते स्वतःचं वायफाय उभं करतं. फोन त्याला जोडून ब्राउझरमध्ये पत्ता टाकला (बहुधा १९२.१६८.४.१ असा असतो) की एक पान उघडतं. त्यावर व्होल्टेज, अँपियर, 'चालू' आणि 'बंद' दिसतं. या सोयीला वेब सर्व्हर म्हणतात. पंगतीतला वाढपी जसा मागेल त्याला वाढतो, तसं हे कार्ड फोनने मागितलं की पान वाढतं. त्याला इंटरनेट लागत नाही. मात्र ते पंपाच्या आसपासच चालतं. गावातून मोटार चालवायची तर सिमकार्डाची जोड लागते.

बसवताना

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याला एवढं सांगा :

१) जुना स्टार्टर, ओव्हरलोड रिले आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर काढू नका. एक फेज गेली की उरलेल्या फेजांवर भार वाढून वाइंडिंग तापतं. कार्ड अडकलं तरी त्या वेळी मोटार बंद पडलीच पाहिजे.

२) कार्डाच्या छोट्या रिलेतून मोटारीचा करंट नेऊ नका. रिलेने फक्त स्टार्टरची कॉइल सांभाळायची. 'बंद'चा रिले लाल बटणाच्या ओळीत आणि 'चालू'चा हिरव्या बटणाला समांतर जोडा. कार्ड मेलं तर कॉइल सुटून मोटार थांबेल, अशीच जोडणी हवी.

३) लाईट आल्याबरोबर डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या की व्होल्टेज बसतं. म्हणून शेजाऱ्यांशी बोलून कुणी एक मिनिट, कुणी दोन, कुणी तीन अशी थांबण्याची वेळ लावा.

४) पाणी तुटलं की अँपियर वाढत नाही, उलट उतरतो. भरल्या पाण्यावर आपली मोटार किती अँपियर घेते आणि पाणी तुटल्यावर किती, हे वायरमनसमोर पाहा. या दोन्हींच्या मधला आकडा बंद होण्यासाठी लावा.

निगा

पेटी सावलीत आणि ओलीपासून उंच बसवा. वायरची भोकं बुजवा, नाहीतर मुंग्या आणि पाली आत शिरतात. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून वायरमनकडून धूळ झाडून स्क्रू आवळून घ्या. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाका. वळवाचे ढग दिसले की कडकडाट सुरू होण्याआधीच मेन स्विच पाडा.

पेटीसोबत आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, नाहीतर बांधावरून जाणारा कुणीही मोटार चालवील. लावलेले आकडे कागदावर लिहून पेटीच्या दाराला आतून चिकटवा. कार्डातला प्रोग्रॅम बदलायचा तर मोटार बंद असताना आणि लाईट स्थिर असतानाच बदला. कार्ड अडकल्यास आपोआप पुन्हा सुरू होण्याची सोय ठेवा. मात्र सुरू झाल्यावर त्याने मोटार लगेच उठवता कामा नये.

शेवटची, पण जिवाची गोष्ट

दुरुस्तीसाठी विहिरीत माणूस उतरला असेल तर फोनवरच्या 'बंद'वर विसंबू नका. घरून कुणाचं बोट लागलं, किंवा लाईट येऊन ऑटोने मोटार उठवली, तर काय होईल? मेन स्विच पाडा, तिन्ही फ्यूज काढून खिशात घाला आणि मगच विहिरीत उतरा. मोटार पुन्हा भरता येते, माणूस येत नाही.

हे पत्रक पंपाच्या खोलीत लावून ठेवा आणि आपले अनुभव आम्हांला जरूर कळवा.