नावाची नोंद आणि नोंदीची राखण

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांच्या प्रशासनाची संकेतस्थळे ‘नांदेड डॉट गव्ह डॉट इन’ आणि ‘लातूर डॉट गव्ह डॉट इन’ या नावांनी उघडतात, तर याच दोन जिल्ह्यांसह परभणी आणि हिंगोलीतील महाविद्यालये ज्याच्या कार्यक्षेत्रात येतात ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ‘एसआरटीएमयूएन डॉट एसी डॉट इन’ या नावाने सापडते. या तिन्ही नावांच्या शेवटची ‘इन’ ही दोन अक्षरे म्हणजे इंटरनेटच्या नामव्यवस्थेत भारताला मिळालेला देशसंकेत होय. अशा नावाला डोमेन नाव म्हणतात. ते घेणे काही मिनिटांचे आणि थोड्या पैशांचे काम असल्यामुळे त्यामागे एक काटेकोर नोंदवही आहे, आणि त्या नोंदवहीतील आपली ओळ वर्षानुवर्षे सांभाळणे हे संस्थेचे कायमचे काम आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यांनी ओळखतात; नावे माणसांच्या सोयीसाठी असतात. इंटरनेटच्या आरंभकाळात कोणत्या नावाचा कोणता आकडा याची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई आणि प्रत्येक संगणक तिची प्रत उतरवून घेई. संगणकांची संख्या वाढल्यावर ही पद्धत कोलमडू लागली, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमची, म्हणजेच डीएनएसची रचना मांडली. तिचे मर्म असे की संपूर्ण यादी कोणीच बाळगायची नाही. प्रत्येकाने आपल्या खालच्या पायरीवर कोण बसले आहे एवढेच सांगायचे. त्यामुळे डोमेन नाव नेहमी उजवीकडून डावीकडे उलगडत जाते. उदगीरचा एखादा विद्यार्थी निकाल पाहण्यासाठी विद्यापीठाचे नाव टाइप करतो, तेव्हा त्याच्या मोबाइल कंपनीचा नामशोधक सर्व्हर प्रथम मूळ सर्व्हरला ‘इन’चा ठावठिकाणा विचारतो, मग ‘इन’च्या नोंदवहीतून ‘एसी’च्या विभागातील विद्यापीठाच्या नामसर्व्हरपर्यंत पोहोचतो आणि शेवटी तिथून आकडी पत्ता मिळवतो. मूळ सर्व्हरची नावे तेराच आहेत, परंतु प्रत्येक नावामागे जगभर विखुरलेल्या अनेक प्रती असतात आणि अशा प्रती मुंबई, चेन्नई व नोएडा येथेही बसवलेल्या आहेत. शिवाय एकदा मिळालेले उत्तर नामशोधक ठरावीक वेळ स्मरणात ठेवतो, म्हणून निकालाच्या दिवशी एकाच नावासाठी आलेल्या हजारो विचारणा पार मुळापर्यंत जात नाहीत. या स्मरणाची मुदत नावाचा धारकच ठरवतो. संकेतस्थळ एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचे असेल, तर जाणकार व्यवस्थापक ही मुदत आधीच कमी करून ठेवतो, अन्यथा स्थलांतरानंतर कित्येक तास काही लोकांना नवे पान दिसते आणि काहींना जुनेच.

देशसंकेतांची दोन अक्षरे संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय मानकातून घेतली. कोणता प्रदेश देश आहे आणि कोणता नाही, या वादात आपण पडायचे नाही हा त्यामागचा शहाणा विचार होता आणि १९९४ च्या आरएफसी १५९१ या दस्तऐवजात तो स्पष्टपणे नोंदवलेला आहे. भारताला ‘इन’ हा संकेत ८ मे १९८९ रोजी मिळाला. त्या काळात त्याची व्यवस्था मुंबईत जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था पाहत असे, जी पुढे सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळण्यास १५ ऑगस्ट १९९५ उजाडले. तोवर या नावांचा संबंध संशोधन संस्थांपुरताच होता. त्यानंतरही नोंदणीचे नियम इतके कडक राहिले की २००५ च्या आरंभापर्यंत डॉट इनखाली जेमतेम सात हजारांच्या आसपास नावे होती आणि मराठवाड्यातील उद्योजकाला डॉट कॉम घेणे हाच सोपा मार्ग होता. २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्सचेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी या ना-नफा कंपनीकडे केंद्र सरकारने ही नोंदवही सोपवली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून नोंदणी सर्वांसाठी खुली झाली. आज डॉट इन नाव घेण्यासाठी भारतीय असण्याचीही अट नाही.

या व्यवस्थेत तीन पक्ष असतात. नोंदवही राखणारी निक्सी ही रजिस्ट्री; तिच्याकडून मान्यता घेऊन ग्राहकांना नावे देणारे ते रजिस्ट्रार; आणि ज्याच्या नावे नोंद होते तो धारक. सातबाऱ्याशी याची तुलना बरीच पुढपर्यंत नेता येते, कारण तिथेही दप्तरात कोणाचे नाव लागले आहे यावर सारा व्यवहार चालतो आणि हस्तांतर झाले की फेरफार घ्यावा लागतो. मात्र एक फरक मूलभूत आहे. जमीन पिढ्यान्‌पिढ्या राहते, डोमेन नाव एका वेळी एक ते दहा वर्षांच्या मुदतीनेच मिळते आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण झाले नाही तर धारकाचा हक्क संपतो. विकत घेतले असे बोलण्यात म्हटले जाते, वस्तुतः ते नाव वापरण्याचा मुदतबंद परवाना मिळालेला असतो. रजिस्ट्रीची तांत्रिक यंत्रणाही अशीच कराराने चालते: २००५ पासून ती अफिलियास या कंपनीकडे होती, २०१९ मध्ये ती न्यूस्टारकडे गेली आणि वीस लाखांहून अधिक नावांच्या नोंदी एका यंत्रणेतून दुसरीत हलवल्या गेल्या.

नाव निवडण्याचे नियम थोडक्यात सांगता येतात: रोमन अक्षरे, आकडे आणि जोडरेषा एवढीच चिन्हे चालतात, दोन बिंदूंमधील भाग ६३ चिन्हांपेक्षा मोठा नसावा आणि जोडरेषेने आरंभ किंवा शेवट नसावा. खरी अडचण नोंदणीच्या वेळी कोणाची माहिती भरली यातून उद्भवते. जिल्ह्याच्या ठिकाणची शाळा, शिकवणी वर्ग, रुग्णालय किंवा अडत दुकान संकेतस्थळाचे काम एखाद्या ओळखीच्या तरुणाला देते. तो स्वतःच्या ई-मेलवर रजिस्ट्रारकडे खाते उघडतो, नाव घेतो, पैसे संस्था देते आणि नोंदवहीत धारक म्हणून त्या तरुणाचे नाव लागते. दोन-तीन वर्षांनी तो पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीसाठी जातो, जुना मोबाइल क्रमांक बंद पडतो आणि नूतनीकरणाच्या सूचना कोणीही न उघडणाऱ्या टपालपेटीत पडत राहतात. यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, परंतु परिणाम तोच होतो. म्हणून धारकाच्या जागी संस्थेचे अधिकृत नाव असणे, संपर्काचा ई-मेल व्यक्तीऐवजी पदाशी जोडलेला असणे आणि तो त्याच डोमेनवरचा नसणे या तीन गोष्टी नोंदणीच्या दिवशीच तपासल्या पाहिजेत. तिसरी अट विचित्र वाटेल, पण नाव बंद पडले की त्यावरचा ई-मेलही बंद पडतो आणि ते सोडवून घेण्याचा सांकेतिक शब्द नेमका तिथेच येणार असतो.

मुदत संपताच नाव लगेच दुसऱ्याचे होत नाही. आरंभी रजिस्ट्रारकडून थोडी सवलतीची मुदत मिळते, त्यानंतर साधारण महिनाभराचा सोडवणुकीचा काळ येतो, ज्यात जास्त शुल्क भरून नाव परत मिळवता येते, आणि त्यानंतर काही दिवसांत नोंद पुसली जाऊन नाव सर्वांसाठी खुले होते. अशा सुटणाऱ्या नावांवर टपून बसलेल्या संगणकीय यंत्रणा जगभर आहेत, कारण जुन्या नावाकडे येणारे वाचक आणि जुन्या पत्त्यावर येणारा ई-मेल नव्या धारकाला आयते मिळतात. निष्काळजीपणा मोठ्यांकडूनही होतो: १९९९ च्या डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टकडून ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले, हॉटमेल वापरणाऱ्यांना त्याचा फटका बसला आणि अखेर एका त्रयस्थ संगणकतज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ते शुल्क भरले. नाव चोरून हलवले जाऊ नये म्हणून रजिस्ट्रारकडे हस्तांतर-कुलूप असते. ते लावलेले असताना, अधिकृत संकेतशब्द हाती असला तरी नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही.

खुल्या नोंदणीबरोबरच डॉट इनखाली काही राखीव विभाग आहेत आणि सामान्य नागरिकासाठी तेच सर्वांत उपयोगी म्हणावे लागतील. ‘गव्ह डॉट इन’ची नोंदणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे, म्हणजे एनआयसीकडे आहे आणि ‘एसी डॉट इन’ व ‘एज्यु डॉट इन’ या शैक्षणिक नावांची अर्नेट इंडियाकडे. शासकीय किंवा शैक्षणिक संस्था असल्याचा पुरावा दिल्याशिवाय ही नावे मिळत नाहीत. याच मार्गाने रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बँक डॉट इन’ हा विभाग जाहीर केला आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सर्व बँकांनी तिकडे जावे असे एप्रिलच्या परिपत्रकाने सांगितले. नोंदणी करणारी एकमेव संस्था हैदराबादची आयडीआरबीटी आहे. जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकाही या आदेशात येतात, त्यामुळे सहकाराचे जाळे दाट असलेल्या लातूर-नांदेड भागाला हा बदल थेट भिडतो. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणाऱ्या बँका नसल्याने त्यांना हे नाव मिळू शकत नाही, आणि ठेवीदाराच्या दृष्टीने हा भेद डोळ्यांना दिसणे ही लहान गोष्ट नव्हे. या ठिकाणी उजवीकडून वाचण्याची सवय कामी येते: ‘बँक डॉट इन’ ही अक्षरे नावाच्या अगदी शेवटी हवीत. तीच मध्ये घालून पुढे भलतेच काही जोडलेले नाव किंवा बिंदूऐवजी जोडरेषा असलेले नाव कोणालाही घेता येते.

लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या मानांकनाची नोंदवही आणि डोमेनची नोंदवही यांचा परस्परांशी काही संबंध नाही. खुल्या विभागात जो प्रथम येईल त्याला नाव मिळते आणि त्याचे गावाशी नाते आहे की नाही हे रजिस्ट्रार पाहत नाही. ज्याचे नाव बळकावले गेले त्याच्यासाठी २००५ पासून इन डोमेन तंटा निवारण धोरण आहे, ज्याखाली निक्सी लवाद नेमते. तक्रारदाराला तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: आपला हक्क असलेल्या नावाशी किंवा व्यापारचिन्हाशी ते डोमेन गोंधळ व्हावा इतके मिळतेजुळते आहे, धारकाला त्यावर रास्त हक्क नाही, आणि नोंदणी किंवा वापर अप्रामाणिक हेतूने झाला आहे. या प्रक्रियेचा वेळ आणि खर्च पाहता, मानांकनाचा अर्ज करतानाच उत्पादक संघाने डोमेन नावही घेऊन ठेवणे कितीतरी स्वस्त पडते.

रोमन लिपीपलीकडची वाट २७ ऑगस्ट २०१४ रोजी ‘डॉट भारत’ने खुली केली. देवनागरीतील हे नाव मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी, बोडो, डोगरी, मैथिली आणि सिंधी या आठ भाषांसाठी सुरू झाले. डीएनएसची यंत्रणा आजही रोमन अक्षरांवरच चालते, म्हणून देवनागरी नावाचे प्युनिकोड या पद्धतीने रोमन चिन्हांत रूपांतर होते. अशा प्रत्येक रूपाच्या आरंभी ‘एक्स’, ‘एन’ आणि लागोपाठ दोन जोडरेषा येतात, आणि साध्या नावांत तिसऱ्या आणि चौथ्या अशा दोन्ही जागी एकदम जोडरेषा चालत नाहीत याचे कारण हेच. वाचणाऱ्याला मात्र देवनागरीच दिसते.

मराठी लेखनातले बारकावे इथे सुरक्षेचे प्रश्न बनतात. ‘नांदेड’ हे अनुस्वाराने लिहिले, ‘नान्देड’ असे जोडाक्षराने लिहिले किंवा हिंदीच्या वळणाने ‘ड’खाली नुक्ता दिला, तर वाचकाला तिन्ही ठिकाणी एकच शहर दिसते, संगणकाला तीन निरनिराळी नावे दिसतात. ‘लातूर’मधील ऊकार ऱ्हस्व झाला तरी नाव बदलते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी त्याच्या जागी ‘ऍ’ टाइप होत असे आणि आजही दोन्ही रूपे चालू आहेत. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातील ‘ऱ्या’ दोन वेगळ्या चिन्हमालिकांनी लिहिता येतो, त्यांतील एकीत डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह असते, आणि अदृश्य चिन्ह नावात शिरले की फसवणुकीला वाव मिळतो. म्हणूनच देवनागरी नावांसाठी कोणती चिन्हे कोणत्या क्रमाने चालतील याचे नियम भाषावार ठरवावे लागले आणि त्या कामात सी-डॅकच्या तज्ज्ञांचा मोठा वाटा आहे. मराठीच्या ‘ऱ्या’ला जागा ठेवून अदृश्य चिन्ह टाळायचे, ही कसरत मराठी जाणणाऱ्यांशिवाय जमली नसती. आपल्या नावाची लेखनरूपे किती हे आधी ठरवून त्यांतील महत्त्वाची सर्व नोंदवणे देवनागरी नाव घेणाऱ्या संस्थेला म्हणूनच आवश्यक ठरते.

संकेतस्थळाचे नाव देवनागरीत आले तरी त्यावरचा ई-मेल अजून अनेक ठिकाणी अडतो. राजस्थान सरकारने २०१७ मध्ये ‘राजस्थान डॉट भारत’वर हिंदीतून ई-मेल पत्ते दिले, म्हणजे तांत्रिक अडथळा केव्हाच दूर झालेला आहे. अडथळा असतो तो प्रवेश अर्जांत, बँकांच्या ॲपांत आणि कार्यालयीन प्रणालींत पत्ता तपासणाऱ्या जुन्या आज्ञेत, जी रोमन अक्षरे नसलेला पत्ता चुकीचा ठरवून परत पाठवते. ती आज्ञा बदलण्यासाठी दिल्ली किंवा मुंबईच्या परवानगीची गरज नाही. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत किंवा लातूरच्या एखाद्या संगणकशास्त्र विभागात शिकणारा विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयाचा अर्ज उघडून, त्यात देवनागरी पत्ता भरून, तो कुठे नाकारला जातो हे शोधू शकतो आणि ती ओळ दुरुस्तही करू शकतो.