नदीकाठचे खाजगी कुंपण आणि परवानगीचा प्रश्न

"जमीन माझी, पैसा माझा, मग कुंपण घालण्यास परवानगी कोणाची आणि कशासाठी?" गावोगावच्या सभांतून हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर केवळ कलमांचे आकडे सांगून देता येत नाही. सुदैवाने या प्रश्नाची फार मोठ्या प्रमाणावरील परीक्षा अलीकडेच दूरदेशी होऊन गेली आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व मेक्सिको यांच्या सरहद्दीवर काही खाजगी मंडळींनी स्वतःच्या खर्चाने पोलादी कुंपणे उभारली. त्या कामांचे पुढे काय झाले, हे पाहिले असता आपल्या बांधावरील प्रश्नही अधिक स्पष्ट होतो.

सरहद्द आणि नदी

टेक्सास राज्यातील एल पासो शहरापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत सुमारे २,००० किलोमीटर अंतर रिओ ग्रांदे ही नदीच दोन्ही देशांची सीमा आहे. नदीला सीमा मानण्यात एक अडचण असते. पूर आला की नदी काठ कापते, गाळ टाकते, पात्र बदलते. एका काठावर आडोसा उभा राहिला, तर पाण्याचा लोट दुसऱ्या काठावर जातो आणि तेथील शेते वाहून जातात. म्हणून या दोन देशांनी २३ नोव्हेंबर १९७० रोजी एक तह केला. नदीच्या नेहमीच्या अथवा पुराच्या प्रवाहास अडथळा होईल किंवा तो वळेल असे बांधकाम दोन्ही देशांनी आपापल्या हद्दीत होऊ देऊ नये, असे त्यात ठरले. या तहाची अंमलबजावणी आंतरराष्ट्रीय सीमा व जल आयोगाकडे सोपविलेली आहे.

याच कारणास्तव टेक्सासच्या दक्षिण खोऱ्यात सरकारने घातलेले कुंपण बहुतांशी नदीपासून दूर, पूरबांधाच्या रेषेत घातलेले आढळते.

सरकारला मिळणारी सूट खाजगी मालकास नाही

येथे एक बाब नीट समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत २००५ साली झालेल्या एका कायद्याने सीमेवरील सरकारी कुंपणासाठी अन्य कायद्यांतून सूट देण्याचा अधिकार तेथील अंतर्गत सुरक्षा खात्याच्या मंत्र्यास दिला. २००८ साली या अधिकारान्वये तीसहून अधिक कायदे एकाच वेळी बाजूस ठेवण्यात आले. त्यांत पाणी, वन्य जीव व पर्यावरण यांविषयीचे कायदेही होते. ही सूट योग्य की अयोग्य, याविषयी तेथे पुष्कळ वाद झाला. तथापि ती केवळ सरकारी कामास आहे. खाजगी मालक स्वतःच्या जमिनीवर तेच कुंपण तशाच पोलादाने बांधू लागला, तर त्यास पुढील नियम पाळावे लागतात.

पहिला नियम स्थानिक संस्थेचा. नगरपालिकेकडे नकाशा सादर करून बांधकामाची परवानगी घ्यावी लागते. जमीन पूरक्षेत्रात असल्यास पूरक्षेत्रातील बांधकामाची परवानगीही घ्यावी लागते, आणि मुख्य पूरप्रवाहाच्या पट्ट्यात तर आपल्या बांधकामामुळे पुराची पातळी वाढणार नाही हे गणिताने दाखवावे लागते.

दुसरा नियम पाणी व माती यांचा. एक एकर वा त्याहून अधिक जमीन उकरावयाची असेल, तर पावसाच्या पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये म्हणून काय उपाय करणार, याची योजना तयार करून परवाना घ्यावा लागतो. पात्रात किंवा पाणथळ जागेत भराव टाकावयाचा असल्यास सैन्याच्या अभियंता खात्याची स्वतंत्र मंजुरी लागते.

तिसरा नियम वन्य जीवांचा. नामशेष होऊ घातलेल्या प्राण्यांस इजा करण्यास १९७३ च्या कायद्याने खाजगी व्यक्तीसही मनाई आहे. दक्षिण टेक्सासमध्ये ऑसेलॉट नावाच्या ठिपकेदार रानमांजरांची थोडीच संख्या उरली असून, नदीकाठची झाडी त्यांना ये-जा करण्यास उपयोगी पडते.

चौथा नियम वर सांगितलेल्या तहाचा. त्यासाठी पुराच्या पाण्याचे गणित सीमा आयोगापुढे मांडावे लागते.

आधी बांधकाम, मग अर्ज

२०१९ च्या मे महिन्यात न्यू मेक्सिको राज्यातील सनलँड पार्क या गावी, लोकवर्गणीच्या पैशांतून, एका वीट कंपनीच्या जागेवर सुमारे अर्धा मैल लांबीचे कुंपण सुटीच्या दिवसांत झपाट्याने उभे करण्यात आले. आवश्यक परवानग्या नसल्यामुळे नगरपालिकेने काम थांबविण्याची नोटीस दिली. काही दिवसांतच परवानग्या देण्यातही आल्या. परंतु प्रश्न तेवढ्यावर मिटला नाही. कुंपणाच्या फाटकामुळे पूरबांधाकडे व धरणाकडे जाणारा सीमा आयोगाचा रस्ता अडला. अखेर जून २०१९ मध्ये आयोगाने ते फाटक उघडे करवून घेतले. आपल्या जागेतील फाटकावरही दुसऱ्याच्या वहिवाटीचा हक्क असू शकतो, हे यावरून दिसते.

दुसरे उदाहरण शेतकऱ्यास अधिक जवळचे वाटेल. टेक्सासमधील मिशन या गावानजीक, ज्या पट्ट्यात ऊस होत असे, अशा नदीकाठच्या जमिनीवर फिशर या बांधकाम कंपनीने २०१९ च्या अखेरीस व २०२० च्या आरंभी सुमारे तीन मैल लांबीचे, १८ फूट उंचीचे कुंपण उभारले. ते पाण्यापासून अवघ्या ३५ फुटांच्या आसपास होते. त्यासाठी काठावरची झाडी काढण्यात आली आणि उतार सारखा करण्यात आला. शेजारी फुलपाखरांचे एक संरक्षित उद्यान आहे; त्याच्या चालकांनी न्यायालयाकडे धाव घेतली. तहाचा भंग होईल म्हणून संघ सरकारनेही दावा दाखल केला. आरंभी मनाई हुकूम मिळाला, परंतु जानेवारी २०२० मध्ये तो उठला व काम पुरे झाले.

काठावर काय घडले?

मृदसंधारणाचे काम करणाऱ्यास पुढील भाग सांगण्याची गरज नाही. नदीकाठची माती गाळाची व रेताड असते. गवताची, बोरूची व झुडपांची मुळे तिला धरून ठेवतात. मुळे गेली आणि उतार उघडा पडला की पहिल्या पावसात लहान ओघळी पडतात आणि दुसऱ्या पावसात त्यांच्या घळी होतात. मिशन येथे हेच घडले. काम पुरे होऊन काही महिनेच लोटले होते, तोच पायालगत घळी पडू लागल्या. जुलै २०२० मध्ये हॅना हे चक्रीवादळ आले, तेव्हा पायाखालची माती अधिकच वाहून गेली.

खांबांमध्ये फटी असतात, त्यांतून पाणी सहज निघून जाईल, असे पुष्कळांस वाटते. स्वच्छ पाण्याच्या बाबतीत ते खरे आहे. परंतु पुराच्या पाण्याबरोबर फांद्या, पाचट आणि गवताचे भारे येतात. ते फटींत अडकले की कुंपणाचा बंधारा बनतो. ॲरिझोना राज्यात ऑगस्ट २०११ मध्ये मुसळधार पावसात सरकारी जाळीच्या कुंपणाचा सुमारे ४० फुटांचा भाग असाच कोसळला. म्हणजे कुंपण सरकारी असो वा खाजगी, पाणी त्याची मालकी विचारीत नाही.

मिशन येथील दावा मे २०२२ मध्ये तडजोडीने मिटला. कुंपण राहिले, परंतु कंपनीने त्याची दर तीन महिन्यांनी तपासणी करावी, पुराचे पाणी जाण्यासाठीचे फाटक चालू स्थितीत ठेवावे आणि कुंपण ढासळल्यास होणाऱ्या खर्चासाठी ३० लक्ष डॉलरची हमी १५ वर्षे कायम ठेवावी, अशा अटी घालण्यात आल्या. जे गणित काम सुरू होण्यापूर्वी पटवून द्यावयाचे, ते न मांडल्यामुळे १५ वर्षांचा भार मागे लागला.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे दोन देशांची सीमा नसली, तरी दोन गटांची सीमा प्रत्येक शेतावर आहे, आणि पाणी ती सीमा ओलांडतेच. महाराष्ट्रात १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम याच तत्त्वावर उभा आहे. शेतजमिनीवरील पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहास कोणी बेकायदा अडथळा केला व त्यामुळे जमिनीचे वा पिकाचे नुकसान झाले किंवा होण्याचा संभव असला, तर तो दूर करविण्यासाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र ही दाद सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, हे ध्यानी असू द्यावे. नदीकाठच्या शेतकऱ्यांनी निळी व लाल पूररेषा कोठून जाते, हे जलसंपदा खात्याच्या नकाशावर पाहूनच कायम स्वरूपाचे बांधकाम योजावे. २०१९ व २०२१ च्या महापुरांनंतर कृष्णा-पंचगंगेच्या काठी हे निराळे सांगावयास नको.

कुंपण घालण्यापूर्वी पुढील गोष्टी अवश्य कराव्यात :

(१) जमिनीची मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम कराव्यात.

(२) पावसाळ्यात एकदा शेजाऱ्यासह बांधावरून फिरून पाणी कोठून येते व कोठे जाते, ते पाहावे.

(३) ओढा, ओघळ किंवा वहिवाटीची वाट यांच्या आड पक्की भिंत घालू नये. तेथे पुरेशी मोकळी जागा सोडावी.

(४) काठावरचे गवत व झाडोरा काढू नये. पाण्यापासून मागे सरकून कुंपण घालावे.

(५) परवानगीचा अर्ज खड्डे खणण्यापूर्वी करावा.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. जमीन आपली आहे आणि पैसाही आपला आहे, यात शंका नाही. परंतु त्या जमिनीवरून वाहणारे पाणी वरच्या शेतातून आलेले असते आणि खालच्या शेताकडे जावयाचे असते. परवानगी मागावयाची ती त्या खालच्या शेतकऱ्याच्या वतीने. आज आपण वरचे असू, तर उद्या दुसऱ्या एखाद्या ओढ्यावर खालचे असू, हे विसरू नये.