पृष्ठतरंगांद्वारे जमिनीच्या ताठरतेचे मापन

जमिनीच्या पृष्ठभागालगत प्रवास करणाऱ्या कंपनतरंगांचा वेग मोजून खालच्या थरांची ताठरता ठरविण्याच्या भूभौतिकी पद्धतीला पृष्ठतरंग पद्धती म्हणतात. तीत मुख्यतः रॅले तरंग वापरतात. या तरंगांचे अस्तित्व लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये गणिताने दाखवून दिले होते.

रॅले तरंगाचे कंपन साधारण एका तरंगलांबीइतक्या खोलीपर्यंतच जाणवते. त्यामुळे आखूड तरंग वरच्या थराच्या वेगाने, तर लांब तरंग खोलवरच्या, बहुधा अधिक ताठर थरांच्या वेगाने जातात. एकाच आघातातून निघालेले तरंग असे कंप्रतेनुसार वेगळे होतात. यास अपस्करण म्हणतात. सेकंदाला ५० कंपने व १५० मी./से. वेग असल्यास तरंगलांबी ३ मीटर भरते. १० कंपने व ३०० मी./से. असल्यास ३० मीटर.

प्रत्यक्ष मापनात जमिनीवर सरळ रेषेत, बहुधा २४, जिओफोन रोवतात आणि रेषेच्या टोकापलीकडे धातूच्या पट्टीवर घण मारतात. नोंदींवरून अपस्करण वक्र काढून त्याच्याशी जुळणारी थररचना संगणकावर शोधतात. येथेच खरी मेख आहे: एकाच वक्राशी अनेक थररचना जुळू शकतात. म्हणून जवळच्या एखाद्या विंधन विवराची माहिती हाताशी असणे इष्ट. ताठर थराखाली मऊ थर दडला असेल, तर अर्थ लावणे विशेष अवघड जाते.

या रचनेतून कर्तन तरंगांचा वेग मिळतो. त्याच्या वर्गाला घनतेने गुणले की कर्तन गुणांक येतो. घनता १८०० कि.ग्रॅ. प्रति घनमीटर व वेग २०० मी./से. असेल, तर तो ७२ मेगापास्कल होतो. वेग दुप्पट झाल्यास चौपट. मात्र हा गुणांक अतिसूक्ष्म विकृतीपुरता खरा असतो. मोठ्या भाराखाली माती मऊ पडते, तेव्हा पायाच्या आराखड्यात तो जसाच्या तसा वापरता येत नाही.

दोन जिओफोनांची मूळ पद्धत १९८० च्या दशकात ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात विकसित झाली. अनेक जिओफोनांची आजची प्रचलित पद्धत कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील पार्क, मिलर व शिया यांनी १९९९ मध्ये मांडली.

भूकंपरोधक बांधकामासाठी वरच्या ३० मीटरांतील सरासरी कर्तनवेग महत्त्वाचा मानतात. पूर्वीच्या अमेरिकी वर्गीकरणात तो १८० मी./से. हून कमी असलेली जमीन मऊ समजली जात असे. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून २०० कि.मी. हून दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. सदोष बांधकामाबरोबर साबरमतीच्या गाळाने कंपने वाढविणे हेही त्याचे एक कारण मानले जाते.