नेमबाजीची पहिली रायफल

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. ते पाहून घरातील मुलाने रायफल मागितली, तर वडिलांनी कोणती घ्यावी?

आधी क्लब व परवाना, मग दुकान. पहिली रायफल .२२ बोरची, बोल्ट अ‍ॅक्शनची असावी. तिचा बोल्ट दर गोळीनंतर हाताने मागेपुढे करावा लागतो. गोळी सुटताना यंत्राची हालचाल कमी, म्हणून नेम टिकतो. धक्का थोडा बसतो, काडतुसेही स्वस्त पडतात. अमेरिकेची सॅव्हेज मार्क २ किंवा झेक देशाची सीझेड ४५७ ऑलिंपिकच्या महागड्या रायफलींपेक्षा पुष्कळ स्वस्त असून सरावाला पुरेशी आहे.

लाकडाच्या चकाकीला भुलू नये. नळी जाड व तिचे तोंड शाबूत असावे, चाप दरवेळी सारखाच सुटावा, दस्ता मुलाच्या खांद्याला नीट बसावा. जुनी रायफल जाणकाराकडून तपासून घ्यावी.

सगळे पैसे रायफलीवरच खर्चू नयेत. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणून तीन-चार प्रकारची काडतुसे आणून टेकूवरून प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडाव्यात. ज्यांची छिद्रे सर्वांत जवळ पडतील, तीच त्या नळीला मानवतात.

रायफल सदैव भरलेली आहे असे समजूनच हाताळावी. घरी ती एका कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या मोठ्यांपाशी ठेवाव्यात.