ओवी जात्यावरची, जपली संगणकाने

मुलगा किंवा मुलगी ‘सॉफ्टवेअरमध्ये’ आहे हे सांगताना आपल्याकडच्या आईचा आवाज आपोआप जरा वर चढतो. पण तिथं नक्की काय काम असतं, असं विचारलं की ती हसून म्हणते, ‘‘असतंय बाई काहीतरी काम्प्युटरवर!’’ आमच्या ईटसारख्या गावातून पुण्याला गेलेली पोरंही सुट्टीत घरी आली की या प्रश्नाला बगल देतात. ‘‘तुला नाही कळायचं आई,’’ एवढं बोलून कानात गाणी घालून बसतात!

मैत्रिणींनो, या कामात न कळण्यासारखं काही नाही. उलट, आपल्या आज्यांच्या जात्याशी त्याचं फार जवळचं नातं जडलं आहे. कसं, ते आज सांगते.

बर्नार्ड बेल हे फ्रान्समधले एक संगणकतज्ज्ञ. भारतीय संगीताची त्यांना मोठी ओढ. १९८० नंतरच्या त्या सुरुवातीच्या वर्षांत जिम किपन नावाचे संशोधक लखनौ घराण्याचे उस्ताद अफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांच्या अभ्यासासाठी बेल यांनी ‘बोल प्रोसेसर’ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. तबल्याचा एक कायदा घ्यायचा, त्याचे पलटे कोणत्या नियमानं होतात ते संगणकाला शिकवायचं. मग संगणक स्वतः नवे पलटे जुळवायचा. ते उस्तादांपुढे ठेवले जायचे. ‘हे चालेल, हे चालणार नाही,’ असा निवाडा उस्ताद द्यायचे आणि त्याप्रमाणे आतले नियम दुरुस्त व्हायचे. म्हणजे गुरू माणूसच, यंत्र आपलं शिष्य! सून स्वयंपाकघरात नवीन आली की सासूबाई जशा ‘मीठ कमी, आच जास्त’ सांगत तिला तयार करतात, तसाच हा प्रकार. सॉफ्टवेअर लिहिणं म्हणजे दुसरं काय? आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट यंत्राला समजेल अशी पायरी-पायरीनं सांगणं.

हेच बेल पुढे आपल्या ओव्यांपाशी येऊन पोचले.

पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच होऊन गेलेले गी पॉइटवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम उभं केलं होतं. बायांशी बोलता बोलता त्यांच्या ध्यानात आलं, की या बायका सभेत तोंड उघडत नाहीत, पण जात्यावर बसल्या की सगळं बोलतात. माहेर, भाऊ, सासुरवास, लेकीचा जन्म, सीतेचा वनवास, विठ्ठल, बाबासाहेब... काय नाही त्या ओव्यांत! कार्यकर्ते गावोगाव फिरून ओव्या वहीत उतरवू लागले. हे काम वाढत वाढत मराठवाड्यापर्यंत आलं. एक लाखाहून जास्त ओव्या, त्या गाणाऱ्या तीन हजारांहून जास्त बाया आणि हजाराहून जास्त गावं!

आता सांगा, एक लाख ओव्या वह्यांमध्ये राहिल्या तर त्यातली सीतेची ओवी शोधणार कशी? इथं सॉफ्टवेअरवाल्याचं काम आलं. प्रत्येक ओवीला क्रमांक, विषयाला खूण, गाणारीचं नाव, तिचं गाव, तालुका, जिल्हा असं सगळं संगणकात घातलं गेलं. आपण मसाल्याच्या डब्यात हळद, जिरं, मोहरी वेगवेगळ्या वाट्यांत ठेवतो ना, तसंच. अंधारातही हात बरोबर पडतो. जोडीला १९९०च्या दशकात बेल यांनी शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही केलं. १९९६ साली परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज असाच टिपला गेला. त्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी गायलेल्या ओव्याही.

गी २००४ साली गेले. नंतर हेमाताईही गेल्या. पण ओव्या थांबल्या नाहीत. पी. साईनाथ यांनी ग्रामीण भारतासाठी सुरू केलेल्या ‘पारी’ या संग्रहानं २०१७ पासून त्या इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या. नमिता वाईकर आणि त्यांचे सहकारी गाणाऱ्या बायांना पुन्हा शोधत त्यांच्या गावी गेले. आज आपल्या हातातल्या मोबाइलवर गंगूबाईंचा आवाज फुकट ऐकता येतो. सिनेमाची गाणी ऐकतो त्याच मोबाइलवर!

यात आणखी एका गोष्टीचा वाटा आहे, ती म्हणजे आपली लिपी. पूर्वी एका संगणकावर टाइप केलेलं मराठी दुसऱ्यावर उघडलं की नुसते किडे-मुंग्या दिसायचे. कारण प्रत्येक कंपनीच्या फाँटनं आपापल्या सोयीनं अक्षरांना क्रमांक दिलेले. ‘युनिकोड’नं हा गोंधळ मिटवला. जगात कुठंही जा, ‘क’चा क्रमांक २३२५ म्हणजे २३२५च. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट आपल्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. ते कवी आणि सुलेखनकारही होते. लिपीची ही वाट मोकळी झाली, म्हणून तर पुढे कितीतरी बायका मराठीत ब्लॉग लिहू लागल्या. कुणी पाककृती लिहिल्या, कुणी प्रवासवर्णनं, कुणी मनातलं दुखणं. संपादकाची परवानगी नको की छापखान्याचा खर्च नको!

बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या गात होत्या तेव्हा घरातल्या सोपानदेवांसारख्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवून घेतली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. ते पाहायला बहिणाबाई राहिल्या नव्हत्या, पण त्यांचं नाव राहिलं. ज्यांच्या घरी असं लिहून घेणारं कुणी नव्हतं, अशा बहिणाबाई किती असतील? गावात पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांचं दुखणं गेलं. ते बरंच झालं. पहाटे उठून दळायची हौस कुणालाच नको! पण जात्याबरोबर ओवीही गेली.

मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वाटते ती गाणारीच्या नावाची नोंद. आपल्याकडे बाईचं नाव लग्नपत्रिकेत नाहीतर रेशनकार्डावर, तेही कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणून. या संग्रहात मात्र ओवीच्या शेजारी तिचं स्वतःचं नाव आहे, गावासकट! सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं तेवढी एक जागा ठेवली, म्हणून ती ‘अनामिक लोकगीतं’ झाली नाहीत. यंत्र हुशार असो नसो, त्यात कुणासाठी जागा ठेवायची हे माणूसच ठरवतो.

आमच्या बचत गटातल्या एक आजी बैठकीत सहीऐवजी अंगठा देतात. एकदा वर्गणी मोजता मोजता त्या सहज गुणगुणल्या आणि एकामागून एक अकरा ओव्या म्हणाल्या. आम्ही मोजल्या! त्यांच्या सुनेला त्यातली एकही ठाऊक नव्हती. आता ती सून मोबाइल घेऊन रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसते.

तुम्हीही बसा. फार काही लागत नाही. मोबाइलमधलं रेकॉर्डिंगचं बटण दाबायचं, आधी आजींना विचारायचं, मग त्यांच्याच तोंडून नाव, गाव, माहेर वदवून घ्यायचं आणि गाऊ द्यायचं. मध्ये टोकायचं नाही. लिहून काढताना त्यांच्या ‘व्हतं-न्हाई’चं ‘होतं-नाही’ करायचं नाही. ती त्यांची भाषा, तशीच राहू द्या.

आणि सॉफ्टवेअरमधली लेकरं दिवाळीला घरी आली, की त्यांना सांगा, ‘‘बाळा, कानातलं काढ जरा. आजीच्या ओव्या नीट लावून ठेवायच्यात. हे काम तुला येतं ना?’’ बघा, नाही म्हणणार नाहीत. फक्त उशीर करू नका. मोबाइल नवा मिळतो, आजी नाही.