जेट्टी, जेठी, जगजेठी : मल्लक्रीडेच्या वाचनाचा प्रश्न

व्यावसायिक कुस्तीच्या प्रयोगात निकाल आधीच ठरलेला असतो. तरीही प्रेक्षक त्यात रंगून जातो. रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज' (१९५७) या ग्रंथात तिला क्रीडा न मानता दृश्यप्रयोग मानले, ते म्हणूनच. तेथे विजयापेक्षा चिन्ह महत्त्वाचे. याउलट, शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ साली उभारलेल्या खासबाग मैदानात चितपट हाच अखेरचा शब्द.

'खरी' आणि 'लटकी' ही विभागणी म्हैसूरच्या वज्रमुष्टी काळगापुढे मात्र अपुरी पडते. विजयादशमीला राजवाड्याच्या आवारात मुंडन केलेले जेट्टी मल्ल मुठीत टोकदार आयुध धरून झुंजतात. एकाच्या मस्तकावर रक्त दिसताच झुंज थांबते आणि राजघराण्याच्या विजययात्रेचा विधी पुढे सरकतो. रक्त खरे आहे, पण कोण जिंकले हा प्रश्न गौण आहे. येथे चिन्ह घडते ते अभिनयातून नव्हे, प्रत्यक्ष जखमेतून.

या परंपरेचा भाषिक धागा मराठीपर्यंत येतो. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाच्या प्रकरणात श्रेष्ठ मल्लाला 'ज्येष्ठिक' म्हटले आहे. कन्नड 'जेट्टी' आणि जुन्या मराठीतील 'जेठी' ही त्याच कुळातील रूपे. संतांनी विठ्ठलाला 'जगजेठी' म्हटले, तेव्हा आखाड्यातील संज्ञा भक्तीच्या भाषेत स्थिरावली.

म्हणून बार्थ यांची मीमांसा येथे जशीच्या तशी लावता येत नाही. कुस्ती खरी की खोटी, यापेक्षा ती कोणासाठी आणि कोणत्या विधीच्या संदर्भात खेळली जाते, हे तुलनाकाराने आधी विचारावयास हवे.