तीन नाणी आणि पन्नास काड्या

तीन नाणी घ्या. छाप्याला 3 गुण आणि काट्याला 2 गुण धरून तिन्ही एकदम उडवा. बेरीज 6, 7, 8 किंवा 9 येईल. विषम बेरजेला अखंड रेघ काढा, सम बेरजेला मध्ये तुटलेली. असे सहा वेळा करून रेघा खालून वर रचल्या, की प्राचीन चीनमधील ‘यी जिंग’ या शकुनग्रंथातील 64 आकृत्यांपैकी एक तयार होते.

यांपैकी 6 आणि 9 या रेघा ‘जुन्या’ मानतात. टोकाला पोचलेली गोष्ट उलटते, ही त्यामागची कल्पना. म्हणून 9 ची अखंड रेघ तुटते, 6 ची तुटलेली रेघ सांधली जाते आणि दुसरी आकृती मिळते. पहिली म्हणजे आजची स्थिती, दुसरी म्हणजे पुढचा कल, असा अर्थ लावतात.

नाण्यांची रीत सुटसुटीत, पण नंतरची. बाराव्या शतकात झू शी या पंडिताने मांडलेली रीत यारो वनस्पतीच्या 50 काड्यांची आहे. एक काडी बाजूला ठेवून 49 काड्यांचे अंदाजाने दोन ढीग करायचे. उजव्या ढिगातून एक काडी काढायची, मग दोन्ही ढीग चार-चारने मोजून बाकी काढून टाकायची. (बाकी शून्य आली तर चार काड्या काढायच्या.) अशा एकूण 5 किंवा 9 काड्या जातात, चारांत सरासरी तीनदा 5. उरलेल्या काड्या एकत्र करून हीच कृती आणखी दोनदा करायची. तेव्हा 4 किंवा 8 जातात, दोन्हींची शक्यता सारखी. शेवटी उरलेल्या काड्यांना 4 ने भागा : 6, 7, 8 किंवा 9!

आता गंमत पाहा. सरासरी 16 वेळांत नाण्यांनी 6 दोनदा आणि 9 दोनदा येतात. काड्यांनी 6 एकदाच, 9 तीनदा, 7 पाचदा आणि 8 सातदा येतात. बदलणाऱ्या रेघा दोन्हीकडे चारच. पण काड्यांच्या रीतीत अखंड रेघ तुटण्याची शक्यता तुटलेली सांधण्याच्या तिप्पट. त्यामुळे पहिली आकृती दोन्ही रीतींनी सारख्याच शक्यतेची असली, तरी दुसरी तशी राहत नाही. काड्यांनी मिळालेल्या दुसऱ्या आकृतीत सहाही रेघा तुटलेल्या असण्याची शक्यता सहाही अखंड असण्याच्या सुमारे 21 पट भरते.

हे वर्गात सांगितले, की ‘सर, मग खरे भविष्य कोणते?’ असा प्रश्न येतोच. काड्यांना तुमचा प्रश्न ठाऊक नसतो. त्यांना चारने भागणे तेवढे ठाऊक!

आगकाड्या घेऊन 160 रेघा काढा आणि नोंद ठेवा. ढीग मात्र न मोजता करा. आणि सहापैकी एकही रेघ न बदलण्याची शक्यता दोन्ही रीतींत 729/4096 च का येते, तेही शोधा.